प्रबळगडाची मागची वाट

नवीन पनवेलच्या आमच्या सोसायटीत बाबांनी फ्लॅट घेतला तेव्हा तळमजल्यावरचाही एक रिकामा होता. आईचे गुडघे तेव्हापासूनच कुरकुरत होते, त्यामुळे तिला तो हवा होता. पण बाबांनी तिसऱ्या मजल्यावरचा, पूर्वेकडचा घेतला. कारण कुणी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. त्या फ्लॅटच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून प्रबळगड दिसायचा. आडवा, माथ्यावर सुरी फिरवल्यासारखा सपाट, आणि डाव्या अंगाला कलावंतिणीचा सुळका. मध्ये तेव्हा काहीच नव्हतं. भाताची खाचरं, विटांचे ढीग, खांबांच्या सळया वर काढून उभ्या असलेल्या अर्धवट इमारती, आणि त्यांच्या पलीकडे तो डोंगर.

काकीने त्या खिडकीला पडदा शिवला. स्वयंपाकघराला कुणी पडदा लावतं का, असं शेजारणी हसून विचारायच्या. काकी म्हणायची, ऊन येतं. ऊन सकाळी तासभर यायचं, पडदा दिवसभर असायचा.

काकी म्हणजे बाबांच्या धाकट्या भावाची बायको. ती आमच्याकडेच राहायची, वसाहतीतल्या प्राथमिक शाळेत शिकवायची. कपाळाला ठसठशीत कुंकू, गळ्यात मंगळसूत्र, हातात हिरव्या बांगड्या. काकाला मी पाहिलेलं नव्हतं, म्हणजे पाहिलं असेल तर पाळण्यातून. सत्तरच्या दशकाची सुरुवात, आम्ही सगळे तेव्हा परळच्या चाळीत राहायचो. बाबा, काका आणि बाबांच्या कारखान्यातले दोघं जण नाताळच्या सुट्टीत प्रबळगडावर गेले होते. दुपारी काका गडाच्या माथ्यावरच्या जंगलात पाणी भरायला म्हणून गेला, आणि परत आला नाही. तीन दिवस शोधलं. पोलीस आले, खालच्या वाडीतली माणसं कड्याच्या पोटात दोर लावून उतरली. काही मिळालं नाही. काकाचं लग्न होऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं.

आमच्या घरात 'काका गेला' असं कुणी म्हणत नसे. 'हरवला' म्हणत. लहानपणी मला वाटायचं, छत्री हरवते तसा हरवला असेल, कुणाला तरी मिळेल.

दर वर्षी नाताळच्या सुट्टीत बाबा आम्हाला प्रबळगडावर घेऊन जायचे. आई, बाबा आणि मी. माझ्या दृष्टीने ती ट्रिप होती, आणि तिच्यासारखं वर्षभरात दुसरं काही नव्हतं. माझ्या वर्गातल्या मुली सुट्टीत मामाकडे जायच्या, मी डोंगरावर राहायला जायचे. पनवेलहून एसटीने पायथ्याचं गाव, तिथून चढ. गडाच्या निम्म्यावर एक रुंद माची आहे, तिथे ठाकरांची वाडी. वाडीच्या टोकाला एका म्हातारीचं घर होतं. तिच्या कापून झालेल्या खाचरात बाबा ताडपत्रीचा तंबू ठोकायचे. खाली पेंढा, त्यावर सतरंजी, वर घोंगड्या. आई स्टोव्हवर पिठलं करायची, भाकऱ्या घरून बांधून आणलेल्या असायच्या. अंधार पडायच्या आत बाबा लाकडं गोळा करून मोठा जाळ करायचे. थंडीला पुरेल त्याच्या दुप्पट. आई म्हणायची, अहो, होळी आहे का? ते ऐकायचे नाहीत.

आणि ते शीळ घालायचे. माचीच्या कडेला जाऊन उभे राहायचे आणि दोन बोटं तोंडात घालून एक लांब, एक आखूड, परत एक लांब. समोरच्या सुळक्यावरून ती परत यायची. मी पण शिकायचा प्रयत्न करायचे, नुसतं फुस्स व्हायचं. पुढे कळलं की चाळीतल्या खालच्या अंगणातून दोघं भाऊ एकमेकांना असेच बोलवायचे.

काकी या ट्रिपला कधी आली नाही. आम्ही निघायचो तेव्हा ती दारात उभी राहून माझ्या वॉटरबॅगचा पट्टा नीट करायची. परत आलो की आम्हाला काही विचारायची नाही. एकदा मी उत्साहाने सांगायला लागले, की वर माकडं होती, एक घोरपड दिसली, तर ती भांडी लावायला निघून गेली.

मी सातवीत असताना गावाहून आजीचा निरोप आला. बारा वर्षं होत आली, आता मुलाचं क्रियाकर्म करून टाका. माणूस सापडलाच नाही तर पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी देतात, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. आजी थकली होती, तिला तिच्या डोळ्यांसमोर हे व्हायला हवं होतं. बाबांनी पत्रिका पाहणाऱ्या भटजींना विचारलं, दिवस काढला. राहिलं होतं फक्त काकीला विचारायचं, आणि ते आईवर सोपवलं गेलं.

काकी गव्हाचं दळण पाखडत होती. आईने कसंबसं सांगितलं. काकीने सूप खाली ठेवलं नाही. पाखडता पाखडताच म्हणाली, "आधी मला ती जागा दाखवा. मग काय ते करा."

म्हणून त्या वर्षी आम्ही चौघं गेलो.

काकीने शाळेच्या कवायतीला घालायचे पांढरे कॅनव्हासचे बूट घातले होते, पातळ वर खोचलं होतं. तिला चढताना मी पहिल्यांदाच पाहत होते. ती थांबत नव्हती. आई धापा टाकत मागे, मी मध्ये, आणि काकी बाबांच्या पाठोपाठ. थोडं चढलं की ती विचारायची, इथे बसले होते का? बाबा आजूबाजूला बघायचे, आठवायचे आणि सांगायचे. या जांभळाखाली बसलो होतो. इथे त्याच्या चपलेचा अंगठा तुटला, सुतळीने बांधला. या वळणावर त्याने सगळ्यांना चणे वाटले. काकी ऐकायची, त्या जागेकडे बघायची आणि पुढे निघायची.

मला काकाबद्दल घरात एवढं कधीच कुणी सांगितलं नव्हतं. भिंतीवर फोटो नव्हता, कारण फोटो लावला की हार घालावा लागतो. आणि आता वळणावळणाला तो उभा राहत होता. चपलेला सुतळी बांधणारा, चणे वाटणारा, पाण्याची बाटली उष्टी करतो म्हणून बोलणी खाणारा. माचीच्या खालच्या शेवटच्या चढावर पायवाट इतकी अरुंद होते की एकामागे एक चालावं लागतं. तिथे मी मागे वळून बघितलं. आईच्या मागे कुणी नव्हतं. पण बघावंसं वाटलं होतं, आणि त्यानंतर माचीवर पोचेपर्यंत मी आईचा हात सोडला नाही.

म्हातारी दुपारची कुठे बाहेर गेली होती. बाबांनी तंबू ठोकला, पेंढा पसरला. ऊन उतरल्यावर चहा झाला. आम्ही चौघं स्टोव्हभोवती बसलो होतो, बाबा माझ्यासमोर, कप त्यांच्या हातात. आणि वरून, गडाच्या घळीकडून, शीळ आली. एक लांब, एक आखूड. मग जरा थांबून परत एक लांब.

बाबांचा कप तसाच राहिला. आईने त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, मी केली की काय म्हणून. काकी उठून उभी राहिली होती. परत आली नाही शीळ. बाबा पळत घळीपर्यंत गेले आणि बऱ्याच वेळाने सावकाश परत आले. पाखरू असेल, ते म्हणाले. जंगलात एक काळं-निळं पाखरू असतं, ते माणसासारखी शीळ घालतं, हे मलाही माहीत होतं. त्याच्यावर आमच्या शाळेच्या पुस्तकात धडा होता. तरी त्या संध्याकाळी बाबांनी स्वतः शीळ घातली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही घळीतून माथ्यावर गेलो. ती वाट म्हणजे नुसते दगड, पाय ठेवला की सरकणारे. वर पोचलं की एकदम जंगल लागतं. उंच झाडं, खाली कारवी, जमिनीवर ओली पानं. ऊन आत येतच नाही. पायवाटा दिसतात आणि दहा पावलांवर संपतात. कुठे एखादी पडकी भिंत, कुठे पाण्याचं बुजलेलं टाकं. माथा खूप मोठा आहे, आणि चारी बाजूंनी कडा.

एका टाक्याजवळ बाबा थांबले. इथे आम्ही जेवलो, म्हणाले. जेवून आम्ही आडवे झालो, त्याने पिशवी उचलली आणि या बाजूने गेला.

काकीने विचारलं, "पिशवी घेऊन?"

"बाटल्या भरून आणायच्या होत्या ना."

 ज्या बाजूला बाबांनी हात केला होता तिकडे काकी चालू लागली. आम्ही तिच्या मागे. जंगल संपलं आणि कडाच आला. खाली दरी इतकी खोल की झाडं गवतासारखी दिसत होती. समोर दरीपलीकडे माथेरानचा लांबलचक डोंगर. काकी काठावर जाऊन वाकून बघायला लागली. आईने तिचा पदर मुठीत धरला. बाबा एकेक दाखवत होते, इथून दोर सोडला होता, तिथे गिधाडं फिरत होती म्हणून तिथपर्यंत माणसं उतरवली. ते बोलत होते आणि काकी बघत होती ती खाली नाही, समोर. माथेरानकडे.

ती रडली नाही. येताना तिने नारळ आणि हळदकुंकू आणलं होतं, आईने बघितलं होतं. ते तिने पिशवीतून काढलंच नाही.

दुपारी आम्ही माचीवर परत आलो. बाबा कळश्या घेऊन झऱ्यावर गेले. आई पिठलं हाटत होती, काकी कांदा चिरत होती. तेवढ्यात म्हातारी आली. दर वर्षीसारखी माझ्या गालावरून हात फिरवला, आईसाठी वालाच्या शेंगा आणल्या होत्या त्या दिल्या, आणि काकीकडे बघून विचारलं, ही कोन?

आई म्हणाली, ह्यांच्या धाकट्या भावाची बायको. इथे हरवले ना, त्यांची.

म्हातारी खाली बसली. तिने काकीच्या कपाळाकडे नीट बघितलं.

"हरवला कुटं?" ती म्हणाली. "त्यो तं मागच्या वाटनं गेला."

आईचा हात थांबला. काकीचा थांबला नाही, ती कांदा चिरत राहिली.

म्हातारी सांगत गेली. तिला वाटत होतं की आम्हाला हे सगळं ठाऊकच आहे, आम्ही फक्त परत ऐकतोय. दुसऱ्या दिवशी सकाळी, बाकीची माणसं वर जंगलात हाका मारत फिरत होती तेव्हा, तो घळीच्या बाजूने नाही, कारवीतून कुठून तरी उतरून तिच्या ओट्यावर येऊन बसला. पाठीला पिशवी. तिने पाणी दिलं, नाचणीची भाकर दिली. अर्धी त्याने खाल्ली, अर्धी बांधून घेतली. मग माथेरानला जायची वाट विचारली. वाडीतल्या बाया लाकूड आणि भाजी घेऊन त्या वाटेने माथेरानला जायच्या. तिने बोट करून दाखवली, तो गेला.

काकीने सुरी ठेवली. "वर माणसं हाका मारत होती, त्या ऐकू येत होत्या का इथे?"

"येत व्हत्या ना. मी त्याला बोलली, तुलाच बोलवत्यात का रं? त्यो बोलला, नाय, दुसऱ्या कुनाला."

माचीवर तेव्हा वारा पडला होता. वाडीतलं कोंबडं ओरडलं तेवढंच. मला आठवतं की मी पिठल्याच्या पातेल्याकडे बघत होते. ते करपत होतं आणि आईला वास येत नव्हता.

काकीने आणखी एकच विचारलं, हे तुम्ही कुणाला सांगितलं का? म्हातारी म्हणाली, तुझ्या मोठ्या दिराला सांगितलं की, तेव्हाच. म्हणून तर तो दर वर्षी येतो.

मग ती शेळी बांधायला निघून गेली. आईने स्टोव्ह बंद केला. झऱ्याच्या वाटेवरून बाबा येताना दिसले. दोन्ही हातांत कळश्या, पाणी सांडू नये म्हणून हळू चालत होते. जवळ येऊन त्यांनी आमच्याकडे बघितलं, आणि त्यांना कळलं. कळश्या ठेवताना एक कलंडली, ती त्यांनी सरळ केली नाही.

"दादा, हे मागच्या वाटेने गेले, तुम्हाला ठाऊक होतं?" काकीने विचारलं.

"हो."

बाबा पेंढ्यावर बसले. मग त्यांनी सांगितलं. शोध थांबला त्या दिवशी म्हातारीने त्यांना बाजूला घेऊन हे कानावर घातलं होतं. पुढच्याच आठवड्यात ते घरी कारखान्याचं काम सांगून माथेरानला गेले. हॉटेलांमधून, घोड्यांच्या तळावर, स्टेशनात, काकाचा फोटो दाखवत फिरले. मग नेरळला, मग कर्जतला. कुणी ओळखलं नाही. तेव्हा त्यांनी ठरवलं की हे बोलायचं नाही.

"तुला काय सांगणार होतो?" ते काकीला म्हणाले. "डोंगरात हरवलेल्या माणसाची बायको म्हणून लोक तुला जपत होते. आणि हे कळलं असतं तर..." ते वाक्य त्यांनी तिथेच सोडलं. मग म्हणाले, "गेला तसा येईल कधीतरी, असं वाटायचं. घरी यायला तोंड नसेल त्याला. इथे तरी येईल."

काकीने ते सगळं ऐकून घेतलं. तिचा चेहरा इतका शांत होता की मला तिची भीती वाटली.

"त्या सकाळी मी चहा ठेवत होते," ती म्हणाली. "हे पिशवी भरत होते. दोन जास्तीचे सदरे घातले, आणि लोकरीचा स्वेटर. म्हटलं, एका रात्रीसाठी एवढं कशाला? तर म्हणाले, वर थंडी असते. मग जाताना दारातून परत आले आणि माझ्या हातातला चहाचा कप घेऊन दोन घोट प्यायले. असं ते कधी करत नसत."

बाबा तिच्याकडे बघत राहिले.

"मला त्याच दिवशी कळलं होतं, दादा. पण मी बोलले असते तर तुम्ही शोधायचं थांबवलं असतं. आणि बाईनेच काहीतरी केलं असेल म्हणून माझ्याकडे बघितलं असतं सगळ्यांनी."

 आई बाबांवर कधी चढ्या आवाजात बोलायची नाही. त्या दिवशीही बोलली नाही. ती म्हणाली, "आणि मी? मी एवढी वर्षं भाकऱ्या बांधून घेऊन येते, ती कशासाठी येते हे कुणी मला सांगायचं नव्हतं?"

 बाबांनी तिचा हात धरायला बघितलं, तिने काढून घेतला. नंतर तिने करपलेलं पिठलं बाजूला काढलं, वरचं चांगलं होतं ते सगळ्यांना वाढलं, आणि आम्ही जेवलो. काकी पण जेवली. तिने दोन भाकऱ्या खाल्ल्या, एवढं तिला जेवताना मी घरी बघितलं नव्हतं.

त्या संध्याकाळी बाबांनी जाळ केला नाही. लाकडं गोळा करून ठेवली होती ती तशीच पडून राहिली. मग काकी उठली, काटक्या रचल्या, रॉकेलचा बोळा घातला आणि जाळ पेटवला. तो पेटत गेला तशी काकी आणखी लाकडं घालत गेली. आई काही म्हणाली नाही. मी घोंगडी ओढून घेतली आणि घळीच्या दिशेला पाठ करून झोपले.

उतरताना कुणी कुठे थांबलं नाही, जांभळाखालीही नाही.

पुतळ्याचं क्रियाकर्म झालं नाही. काकी गावाला गेली, आजीसमोर बसली आणि म्हणाली की जिवंत माणसाचं मी करणार नाही. आजीने विचारलं, जिवंत कशावरून? काकी म्हणाली, मेला कशावरून? बाबा शेजारीच बसले होते, तेही काही बोलले नाहीत. आजी त्या गोष्टीवरून काकीशी शेवटपर्यंत नीट बोलली नाही. मरताना मात्र तिने काकीलाच जवळ बोलावलं. दोघी काय बोलल्या ते काकीने कधी सांगितलं नाही.

पुढच्या मे महिन्यात काकीने मला माथेरानला नेलं. आम्ही दोघीच. नेरळहून छोट्या गाडीने वर गेलो. मला वाटलं होतं ती विचारत फिरेल. फोटो दाखवेल, हॉटेलात जाईल. तसं काही केलं नाही. तिने मला घोड्यावर बसवलं, मला चपला घेतल्या, लाल मातीत पाय माखून घेत आम्ही दिवसभर फिरलो. एवढंच, की वाटेत चाळिशीच्या आसपासचा कुणी पुरुष दिसला, पाठमोरा, पिशवी घेतलेला, की काकीची चाल जरा हळू व्हायची. मग तो वळायचा, आणि आम्ही परत आमच्या चालीने चालायला लागायचो.

ऊन कलल्यावर आम्ही पश्चिमेच्या टोकावर गेलो. समोर दरीपलीकडे प्रबळगड होता. मी तो जन्मभर एकाच बाजूने बघितला होता. या बाजूने तो ओळखूच येईना, सुळका उजवीकडे गेला होता. एक शेंगदाणेवाला तिथे बसलेला होता, त्याने बोट करून आम्हाला दाखवलं. तो माथा, तो सुळका, आणि त्या खिंडीतून पलीकडच्या माचीचं हे एवढं टोक दिसतं.

काकीने त्याला विचारलं, "त्या टोकावर जाळ केला तर इथून दिसतो?"

"दिसतो ना," तो म्हणाला. "थंडीत हवा साफ असते. दर वर्षी डिसेंबरात मोठा जाळ दिसतो तिथे. पिकनिकवाले असतील."

काकीने शेंगदाण्याची पुडी घेतली आणि मला दिली. मी खात होते आणि ती बघत होती. सूर्य गडाच्या मागे गेला तेव्हा गडाची सावली दरी ओलांडून सरकत आमच्या पायापर्यंत आली. लोक टाळ्या वाजवत होते. काकी हळूच म्हणाली, "म्हणजे बघितलं असेल." ती माझ्याशी बोलत नव्हती.

परतीच्या गाडीत मी तिला विचारलं, काकाला परत यायचं नव्हतं तर मग का गेला तो, आपलं काय चुकलं?  ती म्हणाली, तिला माहीत नाही, आणि एवढी वर्षं ती कारणं शोधत होती ती सगळी तिला पुरेनाशी झाली आहेत. तिने माझ्या डोक्यावरून पदर घेतला, कारण धूर येत होता.

पुढच्या नाताळात आम्ही प्रबळगडावर गेलो नाही. बाबा म्हणाले, तुझी आठवीची परीक्षा आहे. आठवीची परीक्षा एप्रिलात असते हे मला माहीत होतं. मी वाद घातला नाही. आई बाबांशी पूर्वीसारखी बोलायला लागली तोवर पावसाळा उलटून गेला होता. आईने त्यांना माफ केलं असं ती कधी म्हणाली नाही. फक्त एक दिवस त्यांच्या डब्यात परत लोणचं दिसायला लागलं.

दशक संपत आलं तेव्हा काकीची बदली झाली आणि तिने जुईनगरला शाळेजवळ भाड्याने घर घेतलं. बाबांना ते आवडलं नव्हतं, एकटी कशी राहशील म्हणत होते. ती म्हणाली, तुमच्याकडे तरी मी कुणाबरोबर राहत होते? हे तिने हसून म्हटलं आणि बाबाही हसले. त्या विषयावर दोघांना एकत्र हसताना मी तेव्हाच बघितलं.

मी कॉलेजमधून मध्येच तिच्याकडे जायचे. एकदा रविवारी आम्ही मटार सोलत बसलो होतो आणि मतदारयादीचं काम करणारा माणूस दारात आला. तरुण होता, उन्हाने हैराण झालेला. काकीने त्याला पाणी दिलं. त्याने तिचं नाव विचारलं, वय विचारलं, मग नवऱ्याचं नाव. काकीने ते स्पष्ट उच्चारलं. ते नाव तिच्या तोंडून मी तोपर्यंत ऐकलं नव्हतं. त्याने तिच्या कपाळाकडे बघितलं, घरात एक नजर टाकली. एकच खुर्ची, एकच पलंग.

"साहेब इथेच राहतात का?" त्याने विचारलं.

"बाहेरगावी असतात," काकी म्हणाली.

"येतात कधी?"

"ठरलेलं नसतं."

त्याने मान हलवली, भांडं परत दिलं, आणि शेजारची बेल वाजवायला गेला. काकी आत येऊन बसली, दाण्यांचं भांडं मांडीवर घेतलं आणि मला विचारलं, उसळ करू की भातात घालू?